डोंगरात मोबाइल मुका झाला तर? सॅटेलाइट बीकन निवडताना

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘बघा’ जरा कमी केलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. पुण्याहून कॅलिफोर्नियात शिकायला गेलेल्या एका मुलीने विचारलंय: “दादा, आम्ही चौघं ऑगस्टमध्ये जॉन म्युअर ट्रेल करणार आहोत. एक जण म्हणतो पीएलबी घ्या, दुसरा म्हणतो इनरीच घ्या आणि माझी रूममेट म्हणते आयफोन आहे की, कशाला पैसे घालवता. नेमकं काय घेऊ? आणि डिसेंबरमध्ये घरी येताना तेच सोबत आणलं तर हरिश्चंद्रगडाला वापरता येईल ना?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे: नको, भारतात आणू नकोस. का, ते पुढे सांगतोच. आता पहिला प्रश्न सावकाश बघू.

आधी वाट समजून घेऊ

जॉन म्युअर ट्रेल म्हणजे योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंतची साधारण ३४० किलोमीटरची चाल. व्हिटनीची उंची ४,४२१ मीटर. पूर्ण करायला बहुतेकांना तीन आठवडे लागतात. यातल्या मोठ्या भागात मोबाइलला रेंज नसते आणि काही ठिकाणांहून गाडीरस्ता गाठायला दिवसभराची चाल पडते. अशा जागी पाय मुरगळला तरी तो साधा प्रश्न राहत नाही.

लोक लगेच मॉडेल, वजन, बॅटरी यांची तुलना करायला बसतात. मी म्हणतो, त्याआधी तीन प्रश्न विचारा. बटण दाबल्यावर माझी हाक कोण ऐकणार? मी कोण आहे हे त्याला कसं कळणार? आणि माझ्यापर्यंत प्रत्यक्ष कोण येणार? हातातलं यंत्र या साखळीची फक्त पहिली कडी आहे. पुढच्या कड्या जुळल्या नसतील तर सगळ्यात महागडं यंत्रसुद्धा खिशातला खडा.

पहिला पर्याय: पीएलबी

पीएलबी म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. हे यंत्र एकच काम करतं: हाक मारतं. अँटेना उघडायची, बटण दाबायचं, बस. मग ते ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा, सुमारे ५ वॅट ताकदीचा संदेश आकाशात पाठवतं. त्यात तुमच्या यंत्राचा ओळख क्रमांक असतो आणि आत जीपीएस असेल तर तुमची जागाही. शिवाय १२१.५ मेगाहर्ट्झवर एक मंद सिग्नल चालू राहतो. जवळ आलेलं शोधपथक त्याच्या मागावर थेट तुमच्यापर्यंत पोचतं.

ही हाक ऐकणाऱ्या यंत्रणेचं नाव कोस्पास-सारसॅट. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी १९७९ मध्ये करार करून ती उभी केली. शीतयुद्ध चालू असताना हे चौघं एकत्र बसले, हेच मोठं नवल. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली माणसं या यंत्रणेमुळे वाचली, ती पहिली सुटका. ही यंत्रणा सरकारी आहे, म्हणून पीएलबीला मासिक वर्गणी नसते. एकदा साधारण ३०० ते ४०० डॉलर दिले की झालं.

पण इथे एक मेख आहे. विकत घेतल्यावर पीएलबीची नोंदणी करावीच लागते. अमेरिकेत ती ‘नोआ’ या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन आणि फुकट होते. दर दोन वर्षांनी तिचं नूतनीकरण करायचं. त्यात तुमचं नाव, पत्ता आणि आणीबाणीत कुणाला फोन करायचा ते नंबर असतात. सिग्नल आला की अधिकारी आधी त्या नंबरवर फोन लावतात: “अमुक व्यक्ती सध्या डोंगरात आहे का? कुठल्या वाटेने गेलीय? सोबत किती जण?” बहुतांश सिग्नल चुकून दाबलेल्या बटणांचे निघतात, म्हणून ही चौकशी होते. समजा, तो फोन नाशिकमध्ये रात्री अडीचला आईने उचलला आणि तिला तुमच्या ट्रेकबद्दल काहीच माहीत नाही. मग? म्हणून पहिला नंबर शक्यतो त्याच देशातल्या, तुमचा प्लॅन माहीत असलेल्या मित्राचा द्या. आईला प्लॅन सांगाच, पण मध्यरात्री इंग्रजीतून होणाऱ्या चौकशीचं ओझं तिच्यावर नको.

पीएलबीची बॅटरी वर्षानुवर्षं झोपून राहते आणि बटण दाबल्यावर किमान २४ तास चालते. तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. सेकंडहँड घेताना ती तारीख बघा आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या. नाहीतर तुमच्या हाकेला आधीच्या मालकाच्या घरचा फोन वाजेल.

उणीव एकच, पण मोठी: पीएलबी बोलत नाही. पाय मोडलाय की मित्राचा श्वास अडकलाय, हे समोरच्याला कळत नाही. तुम्हालाही हाक पोचली की नाही ते कळत नाही. काही नव्या पीएलबींवर गॅलिलिओ उपग्रहांमार्फत पोचपावतीचा दिवा लागतो. ही सोय जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. पण तो दिवा ‘सिग्नल मिळाला’ एवढंच सांगतो, ‘हेलिकॉप्टर निघालं’ असं नाही.

दुसरा पर्याय: सॅटेलाइट मेसेंजर

गार्मिन इनरीच, झोलिओ ही यंत्रं या गटातली. दोन्ही इरिडियमच्या उपग्रहांवर चालतात. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत फिरतात, त्यामुळे जगात कुठेही त्यांची गाठ पडते. इनरीच मिनी २ चं वजन जेमतेम १०० ग्रॅम.

यांचा मोठा गुण म्हणजे संवाद. एसओएस दाबलं की संदेश कंपनीच्या आणीबाणी केंद्रात जातो. तिथला माणूस तुम्हाला उलट विचारतो: काय झालंय, किती जण आहात, पाणी आहे का? मग तो स्थानिक यंत्रणेला कळवतो. कॅलिफोर्नियात शोध आणि सुटकेची जबाबदारी त्या त्या काउंटीच्या शेरिफची असते, नॅशनल पार्कच्या हद्दीत पार्कच्या रेंजरची. नेमकी माहिती मिळाली की पथक स्ट्रेचर घेऊन यायचं की ऑक्सिजन, हे आधीच ठरवू शकतं.

डोंगरातल्या बऱ्याच अडचणी एसओएसपर्यंत जाणाऱ्या नसतातच. पूल वाहून गेला, वाट बदलली, एक दिवस उशीर होणार, एवढंच असतं. “आम्ही ठीक आहोत, उद्या संध्याकाळी पोचू” हा एक मेसेज गेला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विनाकारण शोधमोहीमही निघत नाही.

याची किंमत म्हणजे वर्गणी. यंत्र घेतलं तरी प्लॅन चालू नसेल तर एसओएस जाणार नाही, हे नीट लक्षात ठेवा. बॅटरी दर काही दिवसांनी चार्ज करावी लागते, म्हणून पॉवर बँक हवीच. आणि मेसेज व्हॉट्सॲपसारखा क्षणात जात नाही. खोल दरीत किंवा दाट झाडीत दहा-पंधरा मिनिटंसुद्धा लागतात.

काही यंत्रं फक्त एकतर्फी मेसेज पाठवतात, काहींच्या नेटवर्कला जगात मोठी भोकं आहेत. म्हणून डब्यावरचं ‘सॅटेलाइट’ वाचून हुरळू नका. आपल्या वाटेवर कव्हरेज आहे का, ते कंपनीच्या नकाशावर बघा.

तिसरा पर्याय: हातातला फोन

रूममेटचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आयफोन १४ पासून सॅटेलाइटवरून एसओएस करता येतं. ही सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली आणि नंतर आणखी काही देशांत गेली. भारतात ती मिळत नाही. फोन स्क्रीनवर दिशा दाखवतो, तसा तो उपग्रहाकडे धरायचा आणि प्रश्नांची उत्तरं टाइप करायची.

माझी हरकत वेगळी आहे. ट्रेकवर हाच फोन नकाशा असतो, कॅमेरा असतो, टॉर्चही असतो. थंडीत त्याची बॅटरी भराभर उतरते. दगडावर पडून तुम्ही जखमी झालात, तर खिशातला फोन तुमच्यासोबतच पडलेला असतो. दिवसभराच्या ट्रेकला तो चांगला आधार आहे. तीन आठवड्यांच्या चालीत तो दुसरी फळी म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

मग घ्यायचं काय?

स्वतःला विचारा: मला फक्त हाक मारायचीय की बोलायचंही आहे?

वर्षातून एखादाच ट्रेक, वर्गणी नको, चार्जिंगची कटकट नको, तर पीएलबी. न्यूझीलंडसारख्या ठिकाणी तर तो काही दिवसांसाठी भाड्यानेही मिळतो.

लांबचा ट्रेक, घरी काळजी करणारी माणसं आणि वाटेत बेत बदलण्याची शक्यता, तर मेसेंजर. या चौघांसाठी माझं मत मेसेंजरला. चौघांत एक पुरतो, पण तो चौघांनाही वापरता आला पाहिजे. ज्याच्या सॅकमध्ये यंत्र आहे तोच दरीत पडला तर बाकीचे तिघं काय करणार? म्हणून तो सॅकच्या तळाशी न ठेवता अंगावर, खांद्याच्या पट्ट्याला लावा. निघण्याआधी घराबाहेर मोकळ्यावर उभं राहून एक साधा मेसेज पाठवून बघा. एसओएसचं बटण मात्र चाचणी म्हणून कधीही दाबायचं नाही. पीएलबीला स्वतंत्र सेल्फ-टेस्ट असते, तीच वापरा.

बटण कधी दाबायचं? जिवावर बेतलंय आणि स्वतःच्या बळावर बाहेर पडता येत नाही, तेव्हा. दमलोय, कंटाळा आलाय, तेव्हा नाही. आणि खरोखर वेळ आली तर लाजू नका, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. दाबल्यावर शक्यतो जागा सोडू नका, यंत्र मोकळ्या आकाशाखाली ठेवा आणि ते बंद करू नका. वादळात किंवा रात्री हेलिकॉप्टर येईलच असं नाही. एक रात्र काढता येईल एवढे गरम कपडे, पाणी आणि खाऊ सोबत हवाच.

एक पैशाची गोष्ट. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कमध्ये शोधपथक सहसा पैसे मागत नाही. पण पुढे हॉस्पिटलपर्यंत खासगी एअर ॲम्ब्युलन्स लागली तर तिचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. आपल्या विद्यार्थी विम्यात ते बसतं का, हे निघण्याआधी वाचा.

आता भारताचं

भारतात सरकारच्या दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बाळगणं बेकायदेशीर आहे. यामागे १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांची परंपरा आहे, आणि सुरक्षेचं कारणही आहे. २६/११ चे हल्लेखोर ज्या ‘कुबेर’ बोटीतून आले, तिच्यावर सॅटेलाइट फोन सापडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर मेसेंजर बाळगल्याबद्दल एका परदेशी प्रवाशावर कारवाई झाली. ‘मी तर ट्रेकर आहे’ हे उत्तर तिथे पुरत नाही. सामानात निघालं तरी यंत्र जप्त होतं, अटकही होऊ शकते. पीएलबीसुद्धा रेडिओ ट्रान्समीटरच आहे. लेखी परवानगी हातात नसेल तर तोही आणू नका.

गंमत म्हणजे कोस्पास-सारसॅटची हाक ऐकणारे कान भारतातही आहेत. इस्रोची केंद्रं बेंगळुरू आणि लखनौमधून हे सिग्नल ऐकतात. मच्छीमारांसाठी इस्रोने डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर बनवलाय. जानेवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, तिच्यात बोटीवर उलट पोचपावतीही येते. समुद्रातल्या माणसासाठी सोय झाली, डोंगरातल्या ट्रेकरसाठी अशी सोपी वाट अजून नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण होईपर्यंत कायदा मोडून प्रयोग नको.

मग सह्याद्रीत काय? तिथे साखळीच्या बाकीच्या कड्या आपणच घट्ट करायच्या. पायथ्याच्या गावात एका घरी सांगून जा: किती जण, कुठली वाट, कधी परत. तोच मजकूर घरी लिहून ठेवा, ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला सांगायचं’ यासह. रेंज नसताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. घळीत रेंज नसली तरी धारेवर ती बऱ्याचदा मिळते. कॉल लागत नसेल तर एसएमएस जाऊ शकतो. आणीबाणीला ११२ आहेच. महाराष्ट्रात डोंगरी बचावपथकांचं समन्वय केंद्र आहे, लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी पथकं आहेत. ही स्वयंसेवक मंडळी भर पावसात दोर घेऊन दरीत उतरतात. आपल्या भागातल्या पथकाचा नंबर आजच सेव्ह करा. आणि गळ्यात शिट्टी असू द्या. तिला ना वर्गणी, ना परवाना, ना चार्जिंग.

तर ताई, ट्रेलसाठी मेसेंजर घे, प्लॅन चालू कर, चौघांनाही वापरायला शिकव. डिसेंबरमध्ये निघताना तो कॅलिफोर्नियातच मित्राकडे ठेव. हरिश्चंद्रगडाला शिट्टी घेऊन जा आणि खिरेश्वरात नावं सांगून वर चढ.

बाकी मंडळींनो, तुमचे प्रश्न असेच व्हॉइस मेसेजवर पाठवत राहा. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो कुणालाही न सांगता एकटाच गडावर जातो. भेटू पुढच्या भागात!