ओळख हेच भांडवल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. फीसाठी संध्याकाळी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. पिग्मी म्हणजे दारोदार जाऊन घेतलेली रोजची अल्पबचत. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने ती सुरू केली.

मित्रहो, पतसंस्थेचा प्रचार फलकांपेक्षा ओळखीतून होतो. चहावाल्याने शिंप्याला सांगितले, शिंप्याने भाजीवाल्या मावशींना, अशी माझी खाती वाढली.

परवा मावशींनी विचारले, “बाळा, बँकेसारखा विमा आहे ना रे?” बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला तो नाही, हे मी सांगितले. मावशींनी रोजच्या विसाचे दहा केले. माझे कमिशन घटले. पण खोटे बोललो असतो, तर तेही याच साखळीने चहावाल्यापर्यंत पोचले असते.