पिकअपचं माप कोण ठरवतं?

प्लायवूडची शीट चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असते. आपल्याकडचे सुतारही तिला ‘आठ-चारची’ म्हणूनच ओळखतात. अमेरिकेत घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, त्यामुळे भिंतीला, छपराला, जमिनीला सगळीकडे हीच शीट लागते. तिथल्या पिकअपची खरी परीक्षाही तीच घेते. शीट हौद्याच्या तळाला सपाट बसते का?

हौद्यात मागच्या चाकांचे दोन उंचवटे आत आलेले असतात. फोर्ड एफ-१५० या पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये त्या दोन उंचवट्यांच्या मधे पन्नास इंचांहून थोडी जास्त जागा सोडलेली आहे, म्हणून अठ्ठेचाळीस इंची शीट आरामात बसते. टोयोटा टॅकोमा ही मध्यम आकाराची पिकअप. तिच्यात ती बसत नाही. पण म्हणून हार मानतील ते इंजिनिअर कसले! अनेक मध्यम गाड्यांच्या हौद्याला दोन्ही बाजूंनी खाचा ठेवलेल्या असतात. त्यांत आडव्या फळ्या टाकल्या की उंचवट्यांच्या वर एक माळा तयार होतो आणि शीट त्यावर निवांत पडते. मॅव्हरिक या फोर्डच्या त्याहून छोट्या पिकअपमध्ये मागचा फाळका अर्धाच उघडून अडकवता येतो. तेव्हा त्याची कड बरोबर उंचवट्यांच्या पातळीला येते. रेंजर या आपल्या मध्यम पिकअपच्या नव्या मॉडेलच्या वेळी तर फोर्डने डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरच पाच सेंटिमीटरने वाढवलं आणि उंचवट्यांमधली जागा ४८.२ इंच झाली. म्हणजे शीटपेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर जास्त. अब्जावधी डॉलरच्या धंद्यातली गाडी प्लायवूडच्या मापाने बेतली जाते, हे कळल्यापासून मला कुठलीही पिकअप दिसली की आधी तिच्या हौद्यात डोकवावंसं वाटतं.

मोठ्या पिकअपलाही असाच एक आकडा अडवून बसला आहे. अमेरिकेच्या नियमानुसार ऐंशी इंच किंवा त्याहून रुंद वाहनाला पुढे-मागे जादा दिवे लावावे लागतात; ट्रकच्या कपाळावर ओळीने तीन पिवळे दिवे दिसतात ते. साध्या एफ-१५०ची आरसे सोडून रुंदी किती? ७९.९ इंच. गेली कित्येक दशकं ती ऐंशीच्या उंबऱ्यावर येऊन थांबलेली आहे. एफ-१५०च्याच मुद्दाम रुंद केलेल्या रॅप्टर या मॉडेलने तो उंबरा ओलांडला, तर तिच्या जाळीत ते तीन दिवे आलेच.

रुंदी वाढवायची सोय नाही, मग वाढायचं कुठे? लांबीत आणि उंचीत. पूर्वी पिकअप म्हणजे दोन दरवाजे आणि मागे लांब हौदा. आता चार दरवाजे, पाच माणसं आणि मागे उरलासुरला हौदा, असा मामला आहे. चार दरवाजांची एफ-१५० छोटा हौदा घेतला तरी ५.८८ मीटर भरते. तिथल्या पुष्कळ घरांचं गॅरेज वीस फूट खोल असतं, म्हणजे ६.१ मीटर. गाडी आत गेली की दार लागतं, पण मधे माणूस उभा राहायचा म्हटला तर पंचाईत. उंच झालेल्या बॉनेटची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली.

मध्यम पिकअपही या काळात स्वस्थ बसली नव्हती. १९९५ ची पहिली टॅकोमा १.७ मीटरही रुंद नव्हती. आजची सुमारे १.९५ मीटर आहे. चार दरवाजांच्या आजच्या टॅकोमाची लांबी ५.४१ मीटर. आणि १९९५ ची लांब हौद्याची, दोन दरवाजांची एफ-१५० किती होती? तीही जवळपास तेवढीच! ज्याला आज मध्यम म्हणतात ते लांबीने तरी कालचं मोठंच आहे. फक्त हौद्याची जागा घरच्या मंडळींनी बळकावली आहे.

मग खरोखरच्या लहान पिकअप अमेरिकेतून गेल्या कुठे? याचं उत्तर कोंबडीपाशी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीत धो-धो विकली जात होती. युरोपने तिच्यावर जबर जकात बसवली. बोलणी फिसकटली आणि डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रत्युत्तर दिलं: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर. रोख होता फोक्सवॅगनच्या पिकअप आणि मालवाहू गाड्यांवर. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे उतरला, ट्रकवरचा मात्र साठ वर्षं उलटली तरी तसाच राहिला.

हा कर चुकवण्यासाठी कंपन्यांनी ज्या क्लृप्त्या लढवल्या त्या ऐकाव्या तितक्या थोड्या. जपानहून फोर्ड कुरिअर आणि शेव्हरोले लव्ह या पिकअप हौद्याविना यायच्या. नुसती केबिन आणि चासी असली की कर चारच टक्के. हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचा. ही वाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने त्याहून कडी केली. ब्रॅट या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पक्क्या केल्या, की झाली ती प्रवासी गाडी! रोनाल्ड रेगन यांच्याकडेही त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर अशी एक ब्रॅट होती.

बाहेरची स्पर्धा अशी अडल्यावर देशी कंपन्यांनी आपला सगळा जीव, आणि नफाही, मोठ्या पिकअपमध्ये ओतला. त्यात इंधनाच्या नियमांची भर. २०११ च्या आसपासपासून गाडीला किती मायलेज गाठायचं हे तिच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरू लागलं. क्षेत्रफळ जितकं मोठं तितकं उद्दिष्ट सोपं. लहान पिकअप बनवणाऱ्याला ही उलटी शिक्षाच होती. डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या कारखान्यातून शेवटची रेंजर बाहेर पडली, मूळची डॉजची डकोटाही त्याच वर्षी गेली, पाठोपाठ शेव्हरोले कोलोरॅडो. मैदानात राहिल्या त्या मुख्यतः टॅकोमा आणि निसान फ्रंटियर. टॅकोमाचं तर फावलंच.

पण गिऱ्हाईक हटलं नाही. कोलोरॅडो २०१५ च्या मॉडेलपासून परतली, रेंजर २०१९ च्या. आता कोणाला वाटेल, पेट्रोल वाचावं म्हणून लोक या घेत असतील. तर नाही! टर्बो इंजिनाची टॅकोमा आणि छोट्या इंजिनाची एफ-१५० यांच्या मायलेजमध्ये नखभर फरक आहे. दोघींचंही तोंड चौकोनी, दोघींनाही हवा सारख्याच हट्टाने कापावी लागते. किमतीतही, साधं मोठं मॉडेल आणि सजवलेलं मध्यम मॉडेल पुष्कळदा हातात हात घालून उभी असतात. ओढायच्या ताकदीत तर मोठी कुठल्या कुठे पुढे: एफ-१५० योग्य जोडणीत सहा टन ओढते, टॅकोमा तीन टनांच्या आत.

हिशेबाच्या कागदावर मध्यम पिकअप अशी हरते, आणि तरी २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे २.३५ लाख टॅकोमा विकल्या गेल्या. माझ्या मते लोक इथे ताकद विकत घेत नाहीत, माप विकत घेतात. सहा टन ओढण्याची वेळ किती जणांवर येते? एखादी मासेमारीची बोट, दोन मोटारसायकली, बागेतली माती एवढ्याला तीन टन पुष्कळ झाले. उलट गाडी उभी करायची वेळ रोजचीच. यूटा-कोलोरॅडोच्या डोंगरातल्या झाडाखडकांच्या वाटांवर तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं फूटभर कमी अंतर सोन्याच्या मोलाचं. चढ संपून उतार लागतो तिथे लांब गाडीचं पोट आधी दगडाला टेकतं.

उत्तर अमेरिकेबाहेर हा वाद फारसा नाही. तिथे पिकअप म्हणजे टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स, फोर्ड रेंजर. अमेरिकी फूटपट्टीने सगळ्या मध्यम. पुण्या-मुंबईत रोज दिसणारी फॉर्च्युनर हायलक्सच्याच कुळातली आहे, सांगाडा तोच, फक्त हौद्याच्या जागी आसनं. ऑस्ट्रेलियात तर २०२३ मध्ये सर्वाधिक खपलेली गाडी कुठली, तर रेंजर. त्याच वर्षी फोर्डने तिथे उजव्या स्टिअरिंगची एफ-१५० आणली. तिथल्या मानकानुसार पार्किंगची जागा ५.४ मीटर लांब असते. रेंजर त्यात काठोकाठ मावते. पार्किंगची जागाच वीस सेंटिमीटरने वाढवावी असा प्रस्तावही तेव्हा पुढे आला, लोकांनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं, आणि वाढवली असती तरी एफ-१५०चं शेपूट जवळजवळ फूटभर बाहेरच राहिलं असतं.