अमेरिकेतील आरोग्य बचत खाते : पात्रता, विवरणपत्र आणि मायदेशीचे आईवडील

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या पगारातून 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट' या खात्यात दरमहा रक्कम जमा होते. २००३ सालच्या कायद्याने ही सोय निर्माण झाली आणि २००४ पासून ती अमलात आली. जमा रक्कम, तिच्यावरील वाढ आणि उपचारासाठी काढलेला पैसा या तिन्हींवर केंद्रीय आयकर लागत नाही. मात्र ही सवलत अटींना बांधलेली आहे.

पात्रता दर महिन्याच्या एक तारखेला पाहिली जाते. विमा 'हाय डिडक्टिबल' प्रकारचा, म्हणजे खर्चाचा पहिला मोठा हिस्सा स्वतः सोसावा लागणारा असावा. २०२६ साली हा हिस्सा एका व्यक्तीसाठी किमान १,७०० व कुटुंबासाठी ३,४०० डॉलर असावा लागतो. सामान्य उपचारांचा खर्च देणारे दुसरे संरक्षण नसावे. पती वा पत्नीच्या कंपनीतील 'फ्लेक्सिबल स्पेंडिंग' खात्यामुळेही पात्रता जाऊ शकते. मेडिकेअरमध्ये नाव नसावे आणि आपण अन्य कोणाच्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून गणले जाऊ नये.

२०२६ साठी जमा करण्याची मर्यादा एका व्यक्तीस ४,४०० व कुटुंबास ८,७५० डॉलर आहे. वयाच्या ५५ वर्षांपासून आणखी १,००० डॉलर भरता येतात. मालकाने भरलेली रक्कमही याच मर्यादेत मोजली जाते. सहाच महिने पात्र असलेल्यास साधारणपणे निम्मीच रक्कम भरता येते. पासष्टीनंतर मेडिकेअर घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण त्याचा पहिला भाग सहा महिन्यांपर्यंत मागील तारखेपासून लागू होऊ शकतो.

विवरणपत्र भरताना फॉर्म १०४० सोबत फॉर्म ८८८९ जोडावा लागतो. पगारातून करपूर्व कापलेली रक्कम डब्ल्यू-२ मध्ये आधीच वगळलेली असते. तिची पुन्हा वजावट मागू नये. स्वतः भरलेल्या रकमेची वजावट मात्र येथेच मिळते आणि ती पुढील वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, सहसा १५ एप्रिलपर्यंत, भरता येते. मर्यादेबाहेरची रक्कम तिच्यावरील वाढीसह मुदतीत काढून घ्यावी. अन्यथा ती खात्यात राहील तोवर दरवर्षी सहा टक्के कर पडतो. कॅलिफोर्निया व न्यू जर्सी ही राज्ये ही सवलत मानत नाहीत.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. गावी वडील इस्पितळात असताना मुलाने या खात्यातून बिल भरावे काय? खात्यातील पैसा स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबित यांच्याच उपचारांसाठी करमुक्त आहे. भारतात राहणारे, अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेले आईवडील तेथील कायद्याने अवलंबित ठरत नाहीत, मग त्यांचा सारा खर्च मुलगाच करीत असला तरी. अशी रक्कम करपात्र उत्पन्न ठरते आणि खातेदार ६५ वर्षांखालील असल्यास त्यावर वीस टक्के अधिक कर बसतो. उलट, सुटीत गावी आलेल्या मुलाने येथे स्वतःच्या दातांवर उपचार करून घेतले, तर तो खर्च चालतो. पावती मात्र जपून ठेवावी.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे की, मुलांनी आपल्या आजारपणासाठी वेगळी तजवीज करावी, असे त्यांना आजच सुचवावे. संकटाच्या रात्री कोणालाही नियम आठवत नाहीत.