स्टिअरिंगवरची मुकी बटणे

नवा स्टिरिओ बसवला की स्टिअरिंगवरची बटणे गप्प का होतात, ती पुन्हा बोलती कशी करायची आणि हे काम करताना कोणत्या वायरला हात लावायचा नाही, याचा उलगडा.

पालघर, बोईसर आणि तारापूर हा पट्टा रोज मोठ्या प्रमाणावर ये-जा करणाऱ्यांचा आहे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, बोईसरलगत औद्योगिक वसाहत विस्तारली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर सरकारी कचेऱ्यांचीही त्यात भर पडली. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली असली, तरी पाळीच्या वेळा आणि गाड्यांच्या वेळा नेहमी जुळतातच असे नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांत पहिली मोटार आली ती कामावर जाण्यासाठी. साहजिकच ती बहुधा स्वस्तातली, म्हणजे ‘बेस मॉडेल’ असते किंवा मग सेकंडहँड घेतलेली. अशा गाडीत मालक पहिली हौस करतो ती नव्या म्युझिक सिस्टीमची.

येथेच एक अडचण उभी राहते. दुकानातून मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ बसवून आणला जातो, गाणी उत्तम वाजतात. पण स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करण्याची, गाणे बदलण्याची आणि फोन घेण्याची बटणे मात्र मुकी होतात. ‘चालायचेच’ म्हणून बरेच जण त्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक ही बाब केवळ सोयीची नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. आवाज कमी करण्यासाठी चालकाची नजर दोन सेकंद पडद्याकडे वळली, तर गाडी सुमारे ४४ मीटर अक्षरशः आंधळेपणाने धावते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अवजड ट्रकांच्या रांगेत, किंवा मनोर-पालघर रस्त्यावर पावसाळ्याच्या रात्री हे अंतर किती मोलाचे आहे, हे रोज तेथून जाणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. जुन्या टेपला गोल फिरवायची कळ तरी होती. ती बोटांना न पाहता सापडत असे. सपाट काचेच्या पडद्यावर बोटाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच स्टिअरिंगवरच्या बटणांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

बटण दाबल्यावर काय होते?

स्टिअरिंगवर सहा-आठ बटणे असली, तरी त्या प्रत्येकासाठी वेगळी वायर क्वचितच असते. बहुतेक साध्या गाड्यांत एक किंवा दोनच वायरींवर सारा कारभार चालतो. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर, म्हणजेच विद्युतरोधक, बसवलेला असतो. बटण दाबले की ती वायर त्या रोधकातून अर्थला जोडली जाते. स्टिरिओच्या आत ठरावीक दाबाचा स्रोत आणि आणखी एक रोधक असतो. दोन रोधकांत विद्युतदाबाची वाटणी होते आणि वायरवर किती व्होल्ट उरले, यावरून कोणते बटण दाबले गेले हे स्टिरिओ ओळखतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, स्टिरिओच्या आत ५ व्होल्टचा स्रोत आणि १००० ओहमचा रोधक आहे. आवाज वाढवण्याच्या बटणामागे २५० ओहम असतील, तर वायरवर १ व्होल्ट दाब राहील. आवाज कमी करण्याच्या बटणामागे ४३० ओहम असतील, तर तो सुमारे दीड व्होल्ट होईल. पुढचे गाणे लावण्याच्या बटणामागे १००० ओहम असतील, तर अडीच व्होल्ट. कोणतेही बटण दाबले नसेल, तेव्हा पूर्ण ५ व्होल्ट. एका वायरवर अनेक बटणे कशी मावतात, याचे हे साधे उत्तर आहे.

प्रत्येक कंपनीने ही मूल्ये आपापल्या सोयीने ठरवलेली असतात. मूळ टेपला ती ठाऊक असतात. बाजारातल्या नव्या स्टिरिओला ती ठाऊक नसतात. बटणे मुकी होतात ती यामुळे. बटणे बिघडलेली नसतात, त्यांची भाषा समजणारा डॅशबोर्डात कोणी उरलेला नसतो.

आधी तपासणी, मग जोडणी

गाडीतली बटणे या पद्धतीची आहेत की नाहीत, हे साध्या मल्टिमीटरने कळते. इग्निशन बंद ठेवून मूळ टेपच्या मागचा कपलर काढायचा. गाडीच्या वायरिंगच्या नकाशात बटणांसाठी दाखवलेली वायर आणि त्याच बटणांची अर्थची वायर यांच्यात ओहम मोजायचे आणि एकेक बटण दाबून पाहायचे. प्रत्येक बटणाला वेगळे आणि स्थिर मूल्य दिसले, तर काम सोपे आहे. वायरिंगचा नकाशा हाताशी नसताना अंदाजाने वायरी कापत सुटणे हा मात्र सर्वांत महागडा मार्ग ठरतो.

यापुढची जोडणी नव्या स्टिरिओच्या प्रकारावर अवलंबून असते. सध्या लोकप्रिय असलेल्या अँड्रॉइड स्टिरिओंच्या मागे बहुधा ‘की-१’ आणि ‘की-२’ अशा दोन वायरी असतात. गाडीच्या एक किंवा दोन वायरी त्यांना जोडायच्या आणि बटणांची अर्थ वायर स्टिरिओच्या अर्थला जोडायची. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओला एकेक बटण ‘शिकवायचे’: पडद्यावर ‘आवाज वाढवा’ निवडायचे, स्टिअरिंगवरचे ते बटण दाबून धरायचे, स्टिरिओ तो दाब लक्षात ठेवतो. बटणांसाठी वेगळी अर्थ वायर असताना ती सोडून दुसरीकडे कोठेतरी बॉडीला अर्थ दिली जाते, ही नेहमी होणारी चूक आहे. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला, तरी मोजलेला दाब सरकतो आणि बटणे कधी चालतात, कधी नाही.

पायोनिअर, सोनी यांसारख्या कंपन्यांच्या अनेक स्टिरिओंना ‘वायर्ड रिमोट’साठी ३.५ मिलिमीटरचे छोटे छिद्र असते, तर केनवूड आणि जेव्हीसी यांच्या अनेक मॉडेलना फिकट निळ्या-पिवळ्या रंगाची वेगळी वायर असते. हे स्टिरिओ फक्त आपल्याच कंपनीची मूल्ये ओळखतात. त्यामुळे गाडी आणि स्टिरिओ यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा छोटा डबा, म्हणजे अॅडॉप्टर, बसवावा लागतो. तो गाडीच्या बटणाचे मूल्य वाचतो आणि स्टिरिओला समजेल अशा मूल्यात ते पुढे पाठवतो. स्टिरिओ विकत घेण्यापूर्वीच ‘स्टिअरिंगच्या बटणांची सोय यात थेट आहे की अॅडॉप्टर लागेल?’ हा प्रश्न विचारला, तर नंतरची धावपळ वाचते.

नव्या गाड्यांचे वेगळे गणित

काही गाड्यांत मल्टिमीटर लावूनही टेपच्या कपलरवर काहीच हाती लागत नाही. अशा गाड्यांत बटणाचा संदेश ‘कॅन’ या जाळ्यातून जातो. कॅन म्हणजे कंट्रोलर एरिया नेटवर्क. गाडीतल्या वायरींचा वाढता पसारा आवरण्यासाठी बॉश या जर्मन कंपनीने ही पद्धत विकसित केली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे ती जगापुढे मांडली. यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून इंजिन, ब्रेक, मीटर, दरवाजे असे सारे घटक एकमेकांशी आकड्यांच्या भाषेत बोलतात. ‘आवाज वाढवा’ हा निरोपही त्याच गर्दीतून वाट काढत टेपपर्यंत पोहोचतो.

येथे रोधक मोजून उपयोग नाही. त्या गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला कॅनबस डीकोडर लागतो. तो निरोपांच्या गर्दीतून बटणांचे निरोप तेवढे वेचून स्टिरिओला देतो. मॉडेल आणि वर्ष जुळत नसलेला डीकोडर बसवला, तर बटणे चालत नाहीतच. शिवाय गाडीच्या इतर कारभारातही ढवळाढवळ होऊ शकते. या दोन वायरी कापून, सोलून मध्येच तिसरी वायर पिळणे हा तर शुद्ध अविचार आहे. जाळ्यात बिघाड झाला, की मीटरचा काटा बंद पडणे, एबीएसचा दिवा लागणे असे प्रकार संभवतात, आणि मग गाण्याच्या दुकानाऐवजी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते.

पिवळ्या वायरला हात नको

सर्वांत मोठा धोका आहे तो स्टिअरिंग उघडण्यात. बेस मॉडेलच्या गाडीला मुळात बटणेच नसतात. ती वेगळी विकत घेऊन बसवायची, तर स्टिअरिंगवरची एअरबॅग उतरवावी लागते. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे. त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत, ती कितीही साधी असो, स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग असतेच. अपघाताच्या वेळी ती सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात फुगते. एवढा जोर ज्यात भरलेला आहे, तो भाग चुकून उडाला, तर समोर वाकलेल्या कारागिराच्या चेहऱ्याचे काय होईल, याची कल्पना करता येते.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर सामान्यतः पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्टर कधीही लावू नये, कारण मीटरमधला अल्पसा प्रवाहही धोकादायक ठरू शकतो. स्टिअरिंग उघडण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, कारण बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते.

दुसरा नाजूक भाग म्हणजे क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंग फिरत असतानाही हॉर्न, बटणे आणि एअरबॅग यांची जोडणी तुटू नये, यासाठी त्यामागे गुंडाळीच्या आकाराची चपटी केबल असते. ती मध्यावर न ठेवता स्टिअरिंग पुन्हा बसवले, तर पहिल्याच मोठ्या वळणावर ती ताणून तुटते. मग हॉर्न गप्प होतो आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. तो दिवा लागलेला असेल, तर अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री देता येत नाही. गाण्यासाठी केलेल्या कामात प्राण वाचवणारी यंत्रणा निकामी होणे, हा सौदा कोणालाच परवडणारा नाही. स्टिअरिंग उघडण्याचे काम त्यामुळे अशा कामाचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडेच द्यावे. गाडीला मूळचीच बटणे असतील, तर स्टिअरिंग उघडण्याची गरज सहसा पडत नाही. सारी जोडणी डॅशबोर्डामागेच होते.

खारी हवा आणि सैल सांधे

किनारपट्टीच्या या भागाची आणखी एक अडचण आहे. समुद्राची खारी, दमट हवा तांब्याच्या उघड्या वायरींना लवकर गंजवते. नुसत्या पिळलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या सांध्यावर गंज चढला, की तेथे नवा रोध निर्माण होतो. वरच्या उदाहरणात सांध्यावर अवघा १०० ओहमचा रोध वाढला, तर २५० चे ३५० ओहम होतात आणि दाब १ वरून १.३ व्होल्टवर सरकतो. तो आता एक व्होल्टपेक्षा दीड व्होल्टला अधिक जवळ आहे. म्हणजे आवाज वाढवायला जावे, तर तो कमी होतो! ‘पावसाळ्यात बटणे वेड्यासारखी वागतात’ ही तक्रार अशा सांध्यातून उद्भवू शकते. सांधे सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवणे, किंवा शक्य तेथे वायर न कापता तयार कपलर वापरणे, हा त्यावरचा उपाय. कपलर वापरल्याने मूळ वायरिंग अबाधित राहते आणि पुढे वॉरंटीचा वाद उद्भवला, तर मालकाची बाजू भक्कम राहते.

स्टिरिओच्या पुरवठ्याकडेही लक्ष हवे. नव्या स्टिरिओची पिवळी वायर बॅटरीच्या कायमच्या पुरवठ्यासाठी आणि लाल वायर चावी फिरवल्यावर मिळणाऱ्या पुरवठ्यासाठी असते. (येथली पिवळी वायर आणि एअरबॅगची पिवळी वायर यांत गल्लत करू नये.) लाल वायरही कायमच्या पुरवठ्यावर जोडली, तर चावी काढल्यानंतरही स्टिरिओ जागाच राहतो. त्याने अर्धा अॅम्पिअर जरी ओढला, तरी शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेल्या गाडीतून सोमवारी सकाळपर्यंत, म्हणजे ६० तासांत, ३० अॅम्पिअर-आवर वीज निघून जाते. छोट्या मोटारीची बॅटरीच ३५ अॅम्पिअर-आवरच्या आसपास असते. सोमवारची पहिली पाळी चुकायला एवढे पुरेसे आहे. पुरवठ्याच्या वायरवर योग्य क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे; फ्यूजच्या जागी साधी तार लावणे म्हणजे डॅशबोर्डात आगीला आमंत्रण देणे होय.

पैसे चुकते करण्यापूर्वी

काम पूर्ण झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी पाच गोष्टी तपासून घ्याव्यात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून प्रत्येक बटण दाबून पाहावे. हॉर्न वाजतो का, ते पाहावे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझतो की नाही, याची खात्री करावी. चावी काढल्यावर स्टिरिओ पूर्ण बंद होतो का, हे पाहावे. आणि कोणती वायर कोठे जोडली, याची नोंद कागदावर मागून घ्यावी. पुढच्या वेळी दुसऱ्या कारागिराला ती उपयोगी पडते. महागडा स्टिरिओ बसवला असल्यास विमा पॉलिसीत त्याची वेगळी नोंद करून घेणेही हिताचे.

एवढे केल्यावरही एक पथ्य उरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, गाडी चालवताना हातात धरलेल्या फोनचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात गणला जातो. स्टिअरिंगवरच्या बटणाने हात मोकळा राहतो, नजरही रस्त्यावर राहते. पण संभाषणात गुंतलेले मन मात्र कोणतेही बटण रस्त्यावर परत आणू शकत नाही. लांबचे बोलणे असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बोलावे, हेच उत्तम.