सल्लागार नेमायचा तो कशासाठी?

हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये सॅपची उद्योग-व्यवस्थापनाची प्रणाली, सीबेलचं ग्राहक-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर आणि पुरवठा-नियोजनाची तिसरी प्रणाली एकदमच सुरू केली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरलं होतं. हॅलोविनचा हंगाम तोंडावर आला, कंपनीकडे माल होता, तरी सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानांपर्यंत पोचल्या नाहीत. पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही हाताशी असूनही घाईमुळे असं झालं. म्हणूनच सल्लागाराला पैसे मोजायचे ते सॉफ्टवेअर बसवून देण्याचे नव्हेत. घाई थोपवण्याचे आणि अडचणीचे प्रश्न वेळेत विचारण्याचे ते पैसे आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

यावर छोटा उद्योजक म्हणेल, झोहोसारखं ग्राहक-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने मिळतं, मग सल्लागाराचा खर्च कशाला? दोन-तीन विक्रेत्यांच्या दुकानाला तो खरोखरच नको. पण माणसं वाढली की एकच गिऱ्हाईक एका वहीत ‘पाटील ट्रेडर्स’, दुसऱ्या एक्सेलमध्ये ‘पाटील अँड सन्स’ आणि तिसऱ्याच्या मोबाइलमध्ये नुसतं ‘पाटील सांगली’ असतं. उधारी कुणाच्या नावावर, दर कुणी कबूल केला, हे आधी निस्तरावं लागतं. ते न करता नोंदी नव्या प्रणालीत ओतल्या, तर घोळ तसाच राहतो आणि विक्रेते गुपचूप वहीकडे वळतात. त्यामुळे सल्लागाराबरोबरच्या करारात नोंदींची सफाई, प्रशिक्षण आणि सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांची मदत स्पष्ट लिहून घ्यावी. सॉफ्टवेअर विकण्यावर त्याला कमिशन मिळतं का, हेही पहिल्याच बैठकीत विचारावं.