एलियनचा सिग्नल की मायक्रोवेव्हचा? आपल्याच उत्तरावर शंका घेण्याचं कसब

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे तो मध्येच तुटला, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोललो तेच आहे, फक्त थोडं आवरून घेतलंय.

तुमच्या मेसेजेसमध्ये हल्ली तीन प्रश्न फिरून फिरून येतात. एक, एआय आल्यावर आमच्या नोकऱ्यांचं काय? दोन, कॉलेजात जे शिकतोय त्याचा पुढे उपयोग काय? आणि तीन, दादा, एलियन खरंच आहेत का? आज तिन्ही एकत्र घेतोय. कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणारी माणसं ज्या पद्धतीनं काम करतात ना, त्यात पहिल्या दोन प्रश्नांचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे.

आधी सरळ सांगून टाकतो. पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा एकही पक्का पुरावा आजपर्यंत मिळालेला नाही. यूट्यूबवरचे थंबनेल काहीही म्हणोत. पण म्हणजे शोधणारे हात हलवत बसलेत असं नाही. त्यांचं रोजचं काम काय असतं, ते बघू.

शोधायचं म्हणजे नेमकं काय?

शोधाचा एक मोठा मार्ग आहे रेडिओ लहरींचा. तारे, आकाशगंगा, वायूचे ढग हे सगळे रेडिओ लहरी सोडतात, पण त्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात पसरलेल्या असतात. याउलट माणसानं बनवलेलं यंत्र एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर बारीक रेघेसारखा सिग्नल देऊ शकतं. त्यामुळे कुठल्या ताऱ्याच्या दिशेनं अशी बारीक रेघ आली, तर कान टवकारायचे. निसर्ग सहसा असं करत नाही.

अडचण कुठे येते? अशा बारीक रेघा बनवण्यात सगळ्यात पटाईत आपणच आहोत. मोबाईल, टॉवर, वायफाय, विमानं, उपग्रह, सगळे सिग्नल सोडतात. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला, तर त्या फ्रीक्वेन्सीवर तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांपैकी एक दिसेल. आणि तुमच्या खिशातला मोबाईल तर चंद्रापेक्षा कितीतरी जवळ आहे!

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं निघालात की नारायणगावजवळ खोडद लागतं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिचं मुख्य काम एलियन शोधणं नाही. पल्सार, हायड्रोजनचे ढग, दूरच्या आकाशगंगा असे विषय ती अभ्यासते. पण त्रास तोच. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी आहे का हे बघितलं होतं. त्यानंतर गावोगावी मोबाईल आला. म्हणून तिथे गेलात तर फोन बंद ठेवायला सांगतात. कुणी उगाच कडक वागत नाही, तुमचा फोन खरोखरच आकाशापेक्षा मोठ्यानं ओरडत असतो.

तर या क्षेत्रातला पहिला प्रश्न 'एलियन कुठे आहेत?' हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, 'हा आवाज आपलाच तर नाही ना?'

एका विद्यार्थिनीची पाव इंचाची रेघ

साल १९६७. केंब्रिजमध्ये जोसलिन बेल पीएचडी करत होती. दुर्बीण उभारायलाही तिनं हात लावला होता. त्या काळी डेटा कागदावर यायचा, रोज जवळपास ३० मीटर लांब पट्टी. ती पट्टी डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला पाव इंचाचा एक गिचमिड भाग दिसला. तो ओळखीच्या कुठल्याच गोष्टीशी जुळत नव्हता. नीट बघितल्यावर कळलं की दर १.३३ सेकंदांनी एक ठोका पडतोय, घड्याळासारखा.

गमतीनं त्याला नाव दिलं एलजीएम १, म्हणजे 'छोटी हिरवी माणसं'. पण गंमत तिथेच थांबली. पुढे सुरू झाली तपासणी. यंत्रात बिघाड आहे का? दुसऱ्या दुर्बिणीतूनही दिसतं का? सिग्नल एखाद्या ग्रहावरून येत असेल तर ग्रह फिरताना ठोक्यांत फरक पडायला हवा, तो पडतो का? नाही पडला. मग आकाशाच्या वेगळ्याच भागात तिला तसाच दुसरा ठोका सापडला. दोन वेगवेगळ्या संस्कृती एकाच वेळी, एकाच पद्धतीनं आपल्याला हाक मारतील हे पटण्यासारखं नव्हतं. ते निघाले पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे. एलियन हातचे गेले, पण खगोलशास्त्राला नवं दालन मिळालं.

१९७४ चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला मिळालं, तिला नाही. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, ते तिनं भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या, ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकलं.

मायक्रोवेव्हचं दार

आता ऑस्ट्रेलियात चला. तिथल्या पार्क्स दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून एक विचित्र सिग्नल यायचा. त्याचं नाव पडलं 'पेरिटॉन'. दिवसा, लोक कामावर असण्याच्या वेळेतच तो जास्त यायचा. हीच शंकेची पहिली जागा, कारण आकाशाला ऑफिसची वेळ नसते!

२०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं आणि तिच्या टीमनं चोर पकडला. मायक्रोवेव्ह ओव्हन. टायमर संपायच्या आधीच कुणी दार उघडलं की क्षणभर लहरी बाहेर निसटायच्या. घाई कुणाची तरी जेवणाची, आणि डोकेदुखी खगोलशास्त्रज्ञांची.

हसून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. २००७ मध्ये त्याच दुर्बिणीच्या जुन्या डेटात एक प्रचंड शक्तिशाली, क्षणभराचा रेडिओ स्फोट सापडला होता. पेरिटॉन थोडेसे तसेच दिसत असल्यामुळे अनेकांना वाटायचं, हाही इथलाच कचरा असेल. ओव्हनची भानगड सुटल्यावर खोटे आणि खरे सिग्नल वेगळे ओळखता आले, आणि खऱ्यांवरचा विश्वास वाढला. आज 'फास्ट रेडिओ बर्स्ट' हा जगभर जोरात चाललेला विषय आहे. शंका घेतल्यानं खरी गोष्ट मरत नाही, उलट ती जास्त भक्कम होते.

शेजारच्या ताऱ्याकडून हाक?

प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा तारा, ४.२ प्रकाशवर्षांवर. २०१९ मध्ये पार्क्स दुर्बिणीनं त्याच्याकडे बघितलं. पुढच्या वर्षी डेटा चाळताना एका इंटर्नला, पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलाला, ९८२.००२ मेगाहर्ट्झवर एक बारीक रेघ दिसली. डिसेंबर २०२० मध्ये बातमी फुटली आणि जगभर मथळे झळकले.

आता इथे एक युक्ती समजून घ्या, पुढे कामाला येणार आहे. हे लोक दुर्बीण सतत ताऱ्यावर रोखून ठेवत नाहीत. थोडा वेळ ताऱ्याकडे, मग मुद्दाम बाजूला, मग परत ताऱ्याकडे. नजर बाजूला नेल्यावरही सिग्नल चालूच असेल, तर तो ताऱ्याचा नाही, इथलाच कुठलातरी. हा सिग्नल त्या परीक्षेत पास झाला होता! ताऱ्याकडे बघताना हजर, बाजूला बघताना गायब.

तरी सोफिया शेख आणि सहकाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही. त्यांनी त्याच डेटात त्या सिग्नलसारखेच दिसणारे आणखी सिग्नल शोधले. सुमारे ६० सापडले, वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवर. त्यांच्यातली अंतरं इलेक्ट्रॉनिक उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या घड्याळी फ्रीक्वेन्सींशी जुळत होती. त्यातले काही तर दुर्बीण बाजूला असतानाही दिसत होते. म्हणजे ही जमिनीवरचीच खटपट. परीक्षेतून तो सुटला तो निव्वळ योगायोगानं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? ऑक्टोबर २०२१ मध्ये यावर दोन पेपर आले, त्यातल्या एकाचा पहिला लेखक तो इंटर्नच. सिग्नल एलियनचा निघाला नाही म्हणून त्याचं काम वाया गेलं नाही. काम नीट केलं, एवढं पुरेसं होतं.

आणि आता एआय

२०२३ ची गोष्ट. टोरांटो विद्यापीठातला विद्यार्थी पीटर मा यानं आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीचा ८२० ताऱ्यांचा जुना डेटा मशीन लर्निंगमधून काढला. कल्पनेची सुरुवात शाळेत असतानाच्या एका प्रोजेक्टमधून झाली होती, आणि शिक्षकांना ती फारशी भावली नव्हती, असं त्यानंच सांगितलंय.

मशीननं ढिगाऱ्यातून २० हजारांहून जास्त सिग्नल बाजूला काढले. पुढे? पुढे माणसानं बसून एकेक तपासले. उरले ८. मग दुर्बीण पुन्हा त्या ताऱ्यांकडे वळवली, तर त्यातला एकही परत दिसला नाही. म्हणून दावाही केला नाही. एआयनं गवताची गंजी लहान केली, पण हातात आलेली सुई आहे की काडी, हे ठरवणं माणसाकडेच राहिलं.

आपल्याकडे शिकवतात याच्या बरोबर उलट

आता जरा कॉलेजच्या लॅबमध्ये येऊ. लंबकाचा प्रयोग आठवतोय? 'जी'ची किंमत ९.८ यायला हवी हे आपल्याला आधीच माहीत असतं. आली १०.६, तर आपण काय करतो? रीडिंग ॲडजस्ट! सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल समोर ठेवून आकडे उलटे भरत जायचे. सही मिळते, मार्क मिळतात, विषय संपतो.

खरं तर १०.६ आलं तिथेच विज्ञान सुरू होणार होतं. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली की वरच्या टोकापर्यंत? दोलनं मोजताना एक जास्त मोजलं का? लंबक फारच लांब खेचला होता का? जोसलिन बेलनं ती पाव इंचाची गिचमिड 'ॲडजस्ट' केली असती तर? गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच आपल्याला उत्तरापर्यंत लवकर पोचवतात, पण उत्तर चुकीचं असेल तर ते कसं ओळखायचं हे शिकवत नाहीत. दोष एकट्या मुलांचा नाही. जिथे बरोबर आकड्यालाच मार्क आहेत, तिथे मुलं बरोबर आकडाच आणून देणार.

आणि नोकरीचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. उत्तर 'आणून देणं' हे काम आता एआय काही सेकंदांत करतं. कोड, मेल, भाषांतर, रिपोर्ट, काहीही. तेही पूर्ण आत्मविश्वासानं, चुकलेलं असलं तरी. मग ऑफिसात माणूस कशाला लागणार? तर हे उत्तर कुठे फसू शकतं, ते शोधायला. कुणाची नोकरी राहील आणि कुणाची जाईल याची भविष्यवाणी मी करणार नाही, तो धंदा करणारे भरपूर आहेत. पण ज्याला फक्त उत्तर आणता येतं, त्याची स्पर्धा थेट मशीनशी आहे, एवढं मात्र स्पष्ट दिसतं.

मग आजपासून काय करायचं?

दुर्बीणवाल्यांच्या दोन युक्त्या उचला.

पहिली, नजर बाजूला न्या. क्लासच्या फलकावर यशस्वी मुलांचे २० फोटो असतात. हे झालं ताऱ्याकडे बघणं. आता बाजूला बघा. त्या बॅचमध्ये एकूण मुलं किती होती? फलकावर नसलेल्यांचं काय झालं? क्लास न लावलेल्यांपैकी किती जण पास झाले? फी भरण्याआधी एवढं विचाराच.

दुसरी, जुळी भावंडं शोधा. 'घरबसल्या काम, रोज ३,००० रुपये, आधी फक्त ४९९ भरा' असा मेसेज आला, तर त्यातलं एक वाक्य कॉपी करून सर्च करा. तोच मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं फिरताना दिसला, तर समजा, सिग्नल ताऱ्याचा नाही, मायक्रोवेव्हचा आहे. एआयनं दिलेल्या उत्तरालाही हेच लावा. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा, मग बाहेरच्या खात्रीच्या ठिकाणी ताडून बघा.

जमलं तर अजून एक करा. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी लोकांसाठी खुली असते. शाळा-कॉलेजची मुलं आपले प्रयोग घेऊन येतात. त्या अवाढव्य अँटेनांखाली उभे राहा, फोन बंद करून.

एलियन आहेत का, याचं उत्तर आपल्या हयातीत मिळेल की नाही कुणास ठाऊक. पण ज्या दिवशी खरा सिग्नल येईल, त्या दिवशी तो ओळखायला अशीच माणसं लागतील, जी आनंदानं उडी मारण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन ओव्हनचं दार तपासून येतील.

तुम्ही अलीकडे कुठल्या गोष्टीवर पटकन विश्वास न ठेवता ती तपासून बघितली? व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं तपासत राहा!