४,२९,४९,६७,२९७

२ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६ आणि त्याचा ६५,५३६. या पांचांत एकेक मिळविला असतां ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. त्या साऱ्या मूळ संख्या होत. म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांवांचून त्यांस दुसरा भाजक नाहीं. ही परंपरा पुढेंहि अखंड चालते, असें फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६४० सालीं लिहिलें. तिच्यांतील पुढची संख्या आम्हीं शीर्षस्थानीं दिली आहे.

फर्माचें तें अनुमान ९२ वर्षें उभें राहिलें. १७३२ सालीं ऑयलरनें दाखविलें कीं, ही संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७! हा ६४१ कोठून शोधावा? या संख्येच्या कोणत्याहि मूळ भाजकास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरते, हें पुढें ऑयलरनेंच सिद्ध केलें. मग तपासावयास १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच संख्या राहतात, आणि पांचवा भागाकार निःशेष होतो. पाटीवरचें हें अर्ध्या तासाचें काम. पालकांनीं मुलांसह अवश्य करून पाहावें. आम्हांस तर फर्माच्या चुकीपेक्षां या पांच भागाकारांचेंच नवल अधिक वाटतें.

या परंपरेंत ६५,५३७ च्या पुढें एकहि मूळ संख्या आजवर कोणास सांपडलेली नाहीं.